चुकलेल्या वाचनाचे तुकडे

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, अंध वाचकांच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या टेबलावर माझी बारा वर्षं गेली. एक बाई माझ्यासमोर बसून पुस्तकं वाचत आणि मी त्यांचा आवाज साठवून ठेवी. हे मी ऐकीव सांगतो आहे. मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही.

बाई वारल्या आणि माझी रवानगी कपाटावर झाली. बोटभर धूळ साचली.

बाईंची लेक ग्रंथालयातलेच संगणक सांभाळते. तिथल्या मुख्य, मोठ्या संगणकाला चालवणारी लिनक्स प्रणाली जुनी झाली होती, नवी आवृत्ती चढवायची होती. पण वाचून साठवलेली सगळी पुस्तकं त्याच्यातच. थेट त्याच्यावर प्रयोग करायला तिचा हात धजेना. त्याची हुबेहूब प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून आधी तिथे चाचणी घ्यायची, असं तिनं ठरवलं आणि मला खाली काढलं. यात काही राहिलंय का, असं तिनं ग्रंथपालांना विचारलं. पुस्तकं तर कधीच मोठ्या संगणकावर गेली, असं ते म्हणाले. मग तिनं मला कोरं केलं आणि ती प्रत माझ्यावर उतरवली.

मी जागा झालो तो मोठा संगणक होऊनच. दोनदा नवी आवृत्ती चढवताना कोलमडलो. तिनं चुका टिपून घेतल्या, तिसऱ्यांदा जमलं. पुढे मोठ्या संगणकाचं काम बिनबोभाट पार पडलं. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली.

आठवड्यानं तिचे वडील आले. त्यांना दिसत नाही. चाचपडत त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

"आईचे चुकलेले तुकडे यातच आहेत ना? इतके दिवस धीर झाला नाही. आज लाव."

लेकीला काही उमगेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, वाचताना आईला ठसका लागे, मधेच हसू फुटे, कधी ती त्यांनाच हाक मारी. पुस्तकातून कापलेले ते तुकडे ती त्यांच्यासाठी माझ्यात जपून ठेवायची.

"पुस्तकांत ती सगळ्यांची आहे गं. त्या तुकड्यांत आपली आहे."

लेक म्हणाली, "बाबा, मी पुसलं सगळं."

तीन दिवस तिनं माझा कानाकोपरा धुंडाळला. प्रतीखाली सारं गाडलं गेलं होतं. वडील शेजारी बसून राहत, एका शब्दानं रागावले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनीच तिचा हात धरून तिला उठवलं.

मित्रांनो, चाचणीसाठी प्रत जरूर काढा, तेच शहाणपण आहे. पण ती ज्याच्यावर उतरवाल, त्या जुन्या यंत्राचीही आधी एक प्रत काढून ठेवा. आणि त्यात काय आहे, ते घरच्या माणसांना विचारा.