कंट्रोलच्या कुंड्या

"या चोवीस जणी एकाच घराण्यातल्या," ताईने पडद्यावरच्या चौकटींवरून बोट फिरवलं. "जनुकं आहेत, मावशी. पाणी तुटलं की यांनी जागं व्हायला हवं. आणि ताण दिलेल्या झाडांत बघा, सगळ्या गाढ झोपलेल्या."

"म्हणजे अडचणीच्या वेळी अंग काढून घेणाऱ्या बहिणी," मावशी म्हणाल्या.

ताई हसली. गेले आठ दिवस ती अशीच हसत होती. या औषधी झाडाचं असलं वागणं कुणी पाहिलं नव्हतं. तीन वाजता सर बाहेरच्या तज्ज्ञांना घेऊन येणार होते, आणि मग तिची रखडलेली पदवी मार्गी लागणार होती.

मावशींनाही थोडं मिरवावंसं वाटत होतं. काचघरात पाणी घालता घालता बावीस वर्षं गेली, पण एवढं मोठं काम कधी वाट्याला आलं नव्हतं. ताई तापाने पडली तेव्हा बारा दिवस कुंड्या त्यांनी एकट्याने सांभाळल्या. तेराव्या दिवशी पानं खुडून पाकिटं शीतपेटीत ठेवली आणि फोनवर सांगितल्याप्रमाणे झाडं टाकूनही दिली. ती ताईच्या नजरेस पडलीच नाहीत.

"मग या जाग्या कुठल्या?"

"तीच तर गंमत. त्या कंट्रोलच्या कुंड्यांतल्या."

"जाग्याच असणार. तहानेल्याला कुठली झोप?"

"तहानेल्या कशा असतील?" ताईचं लक्ष पडद्यावरच होतं. "कंट्रोल म्हणजे ज्यांना काहीच त्रास द्यायचा नाही ती. पोटभर पाणी."

मावशींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. घरी यांची, नवऱ्याची, मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पाण्यावर कंट्रोल ठेवा. तेव्हापासून त्यांना त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. ताण लिहिलेली झाडं आधीच गांजलेली असणार म्हणून त्यांनी ती भरभरून भिजवली, आणि कंट्रोलच्यांना मोजून घोटभर दिलं. पानं माना टाकत होती तेव्हा त्यांनी तोंड फिरवून पुढची कुंडी घेतली होती. त्याची त्यांना सवय होती.

अडीच वाजले होते. कुंड्या धुऊन पालथ्या घातलेल्या, झाडांचं केव्हाच खत झालेलं. मूग गिळून बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. मावशींनी तीच खिडकी दोनदा पुसली. फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. ताईने घाईने केस सारखे केले.

"ताई, माझी चूक झाली," मावशी म्हणाल्या, आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली. पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना माहीत आहे तेच." जिन्यावर सरांचं बोलणं ऐकू येऊ लागलं.

"रोज किती द्यायचात त्यांना? नोंद करायला हवी."

मावशी काचघरात जाऊन वाटी घेऊन आल्या. जुनी, स्टीलची. आतल्या बाजूला, तळापासून दोन बोटांवर, खिळ्याने ओढलेली रेघ होती.

"ही रेघ तुम्ही मारलीत? कुंड्यांसाठी?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "ती यांच्या वेळची."