वॉर्निशचा पहिला हात

माझं आणि मोठ्या भाऊजींचं आजवर एकाच गोष्टीवर एकमत होतं: रंग पुरता वाळल्याशिवाय टाइलवर वॉर्निश लावायचं नाही. घाई केली की रंग पसरतो, वर दुधाळ डाग पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. रंग दिला की पूर्ण दिवस थांबायचं, मग वॉर्निशचे तीन पातळ हात. कुणी हे विसरलं तर मी त्याला फाडून खायचे. बाकी सगळ्यात आमचा छत्तीसचा आकडा.

मुलांच्या दवाखान्यातल्या भिंतीसाठी मी साठ टाइल्स रंगवल्या. सासरे गेल्यापासून, अकरा वर्षं, आमच्या या टाइलच्या कारखान्यातली प्रत्येक टाइल मीच रंगवते. भाऊजी गिऱ्हाइकं सांभाळतात आणि शेवटच्या टाइलवर नाव त्यांचं येतं. तेही मीच काढते, कारण त्यांना ब्रश धरता येत नाही. अकरा वर्षं मी त्यांचं नाव चांगलं वळणदार काढत आले. हसायचं तर हसा.

या वेळी शेवटच्या टाइलवर मी माझं नाव काढलं. अर्ध्या तासात भाऊजी आले आणि चष्मा नाकावर ओढून टाइलवर वाकले.

"हे काय?"

"नाव."

"कुणाचं?"

"वाचता येतं की तुम्हाला."

"फडका फिरव आणि पूस. अजून वॉर्निश लागलेलं नाही. डॉक्टरीणबाई फाटकाशी आल्यात, मी त्यांना घेऊन येतो, तोवर माझं नाव काढून ठेव." दारातून वळून म्हणाले, "घरचं काम आहे. त्यात नाव कसलं मिरवायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं नाव आलं की काम घरचं, त्यांचं असलं की कारखान्याचं. टेबलापलीकडे जाऊबाई टाइल्सच्या कडा पुसत होत्या. एरवी नवऱ्यापुढे त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही. आत्ताही फुटला नाही, पण त्यांनी हातातला ओला फडका बादलीत टाकला आणि बादली पायाने टेबलाखाली लोटली.

नाव ओलं होतं, मला कळत होतं. तरी वॉर्निशमध्ये रुंद ब्रश बुडवला आणि फिरवला. पहिलं अक्षर पसरलं, वेलांटी फुगली, कडेला दुधाळ डाग पडला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला रडवलं असतं. पण नाव वाचता येत होतं, आणि आता ते फडक्याने निघणार नव्हतं. मला फार बरं वाटलं.

डॉक्टरीणबाई एकेका टाइलपुढे थांबत शेवटच्या टाइलशी आल्या. "इथला रंग बिघडलाय का?"

भाऊजींचा चेहरा उतरला, पण त्यांनी लगेच सावरून घेतलं. "चुकून झालं. ही एक बदलून देतो. परवापर्यंत."

"द्या ना," मी म्हणाले, आणि बारीक ब्रश पुसून त्यांच्यापुढे धरला. "मी ही पुन्हा रंगवणार नाही. यापुढे तुमचं नावही काढणार नाही."

भाऊजी ब्रशकडे बघत राहिले. हात काही पुढे आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी वाकून ती पसरलेली अक्षरं जुळवत नाव वाचलं. "ह्या कोण?"

"मी," मी म्हणाले. "साठच्या साठ माझ्या."