आत राहिलेले

रविवारी सकाळी दहाला आमच्या इमारतीत आगीची रंगीत तालीम होती. आदल्या दिवशी सेक्रेटरी मुद्दाम वर येऊन सांगून गेले, की काका, तुम्ही घरीच थांबा, सात मजले उतरायचे म्हणजे उगाच गुडघ्यांना त्रास. माणूस भला आहे. गेल्या तिन्ही तालमींच्या वेळी त्यांनी हेच सांगितलं आणि तिन्ही वेळा मी मुकाट्यानं ऐकलं. खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. नियमाप्रमाणे इमारत चार मिनिटांत रिकामी व्हावी लागते, आणि मी जिन्यात उतरलो की त्या चार मिनिटांचे तीन तेरा वाजतात.

हा नियम मीच लिहिलाय. म्हणजे केला समितीनं, पण वाक्यं माझी. इमारतींचे नियम करणाऱ्या कचेरीत मी तीस वर्षं खर्डेघाशी केली. लोकांना वाटतं, असले नियम कुणीतरी हुशार माणूस पुढचा विचार करून लिहितो. कसला पुढचा विचार! एखाद्या शिवणकारखान्याला आग लागते, दार आत उघडणारं असतं, माणसं दारावर रेटतात आणि ते उघडतच नाही. मग आम्ही लिहितो, दार बाहेर उघडावं. दुसरीकडे दार बाहेर उघडत असतं, पण मालाला पाय फुटू नयेत म्हणून मालकानं त्याला कुलूप ठोकलेलं असतं. मग आम्ही लिहितो, कुलूप नसावं. तीस वर्षांत आम्ही आगीच्या पुढे एकदाही गेलो नाही.

घंटा वाजली. मी खिडकीशी खुर्ची ओढून बसलो. जिन्यात पावलांचा धडधडाट झाला आणि थोड्याच वेळात सगळी इमारत खाली अंगणात गोळा झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई मांजर काखोटीला मारून आल्या होत्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे शेजारी घोळक्यानं गप्पा मारत होते. मी हात वर करून हलवला. कुणी वर बघितलं नाही, मग हात खाली घेतला. आपल्याला कुणी बघत नसताना हात हलवणं किती वेडगळ दिसतं, ते आपल्यालाच कळतं.

सेक्रेटरींनी या वेळी पहिल्यांदाच कर्णा तोंडाला लावला; आधीच्या तालमींचे आकडे वर ऐकू आले नव्हते. "त्रेसष्टपैकी त्रेसष्ट बाहेर. आत कोणीही नाही. तीन मिनिटं पन्नास सेकंद."

टाळ्या वाजल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तालमीनंतर भरायच्या यादीत दोन रकाने असतात, 'बाहेर आलेले' आणि 'आत राहिलेले'. खरी आग लागली की बंबवाले फाटकातच ती यादी मागतात. ज्याच्या नावापुढे बाहेर आल्याची खूण, त्याला शोधायला ते वर चढत नाहीत. हे मला कुणी सांगायला नको, ते रकाने मीच आखलेत.

मनगटावरच्या घड्याळात वेळ बघितली, काठी घेतली आणि निघालो. एक हात कठड्यावर, एक काठीवर, दोन्ही पाय एका पायरीवर टेकले की मग पुढची. पाचव्या मजल्यापर्यंत आलो तोवर तालीम संपून लिफ्ट सुरू झाली. माणसं हसत-खिदळत लिफ्टनं शेजारून वर निघून गेली. चौथ्या मजल्यावर दम लागून पायरीवर बसलो.

या नियमासाठी आम्ही चाचणी घेतली होती. शंभर माणसं जिन्यावरून उतरवायची आणि वेळ टिपायची. माणसं कमी पडली म्हणून मी हिला घेऊन गेलो. हिचे गुडघे तेव्हाच गेले होते. ही सगळ्यात शेवटी उतरली. साहेब म्हणाले, सर्वांत मागचे पाच आकडे सोडून द्या, नाहीतर जिने रस्त्याएवढे करावे लागतील. मी पट्टी ठेवून रेघ मारली. घरी आल्यावर हिनं तो कागद बघितला.

"अहो, मी जिना उतरले, ते यात कुठंय?"

मी म्हणालो, ते हिशेबात धरलेलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे मी तिथं नव्हतेच?" आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मी तो कागद फायलीत ठेवला. तिला जाऊन चार वर्षं झाली. मला त्या रेघेची लाज वाटते, आणि ते सांगायला आता कुणी नाही.

खाली पोचलो तेव्हा घड्याळात अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. अंगण रिकामं होतं. सेक्रेटरी टेबलाचे पाय मिटत होते. मला बघून ते ओशाळले. मी यादी मागितली. माझ्या नावापुढे ठसठशीत खूण होती. ही खोडा आणि मला दुसऱ्या रकान्यात घाला, असं मी म्हणालो.

त्यांनी आवाज खाली आणला. "काका, मग चौदावं कलम लागतं. ते तुम्हाला मी सांगायचं?"

ज्याला ठरल्या वेळेत उतरता येत नाही, त्यानं दुसऱ्या मजल्याच्या वर राहू नये. हे कलम मी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी लिहून हातावेगळं केलं होतं. आमच्याकडे खालची सगळी घरं भरलेली आहेत. म्हणजे हिच्याबरोबर तेवीस वर्षं काढलेलं घर सोडायचं.

"एका खुणेचा तर प्रश्न आहे," सेक्रेटरी म्हणाले. "त्या खुणेमुळे तुमचं घर टिकतंय."

"आणि आग लागली, तर मला शोधायला कोण येईल?"

मी त्यांच्याच पेनानं खूण खोडली. 'आत राहिलेले' या रकान्यात माझं नाव लिहिलं, पुढे वेळ लिहिली आणि सही केली. त्यांनी मला लिफ्टपर्यंत सोडलं.

वर आल्यावर मुलीला फोन लावला. पूर्वी ती दर रविवारी म्हणायची, बाबा, इकडेच या राहायला. मी दर रविवारी उडवून लावायचो. गेल्या वर्षी त्यांनी नवं घर घेतलं, त्यानंतर ती म्हणायची थांबली. मी ते घर बघायलाही गेलो नव्हतो. तिला काय झालं ते थोडक्यात सांगितलं आणि विचारलं, "मी तुमच्याकडे येऊ का?"

"या ना, बाबा. कधीही या," ती म्हणाली. "पण तुम्ही ते कलम म्हणताय ना... आम्ही नवव्या मजल्यावर राहतो."

तीस वर्षं मी भेटेल त्याला विचारत आलो, कितव्या मजल्यावर राहता म्हणून. तिला मी ते कधी विचारलं नव्हतं.