कापू का?

आत्मविश्वास हा माणसाच्या आतून येतो, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. भाऊजींच्या बाबतीत तो पलीकडच्या खोलीतून यायचा आणि "हं" असा यायचा.

"दादा, कापू का?" त्यांनी आजही सवयीने विचारलं. हातात कात्री, समोर खडूने आखलेलं कापड.

पलीकडून "हं" आलं नाही. काजं-बटणं करणाऱ्या मावशींचा आवाज आला. "दादा घरी आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. तुम्हीच नव्हता का काल त्यांना घरी पोचवून आलात?"

"हो, हो," म्हणत भाऊजींनी कात्री खाली ठेवली.

दादा म्हणजे त्यांच्या बायकोचे थोरले भाऊ आणि या शिंप्याच्या दुकानाचे मालक. लग्नानंतर भाऊजी दुकानात आले ते दादांचे भाऊजी म्हणून. पुढे ते मावशींचेही भाऊजी झाले, गिऱ्हाइकांचे झाले, आणि समोरच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टरसुद्धा त्यांना भाऊजीच म्हणू लागले. हात उत्तम होता. आखणी अशी की खडूच्या रेषेवरून मुंगीने डोळे मिटून चालावं. पण दादांच्या "हं"शिवाय त्यांनी आजवर रुमालसुद्धा कापला नव्हता. आखायचं, विचारायचं, "हं" ऐकायचं, कापायचं, असा क्रम होता. यात वाईट काही नव्हतं. फक्त सवय दुकानापुरती राहिली नव्हती. घरी ते "दिवा मालवू का?" असं विचारत, आणि बायको झोपलेली असली तर दिवा सकाळपर्यंत चालू राही.

आदल्या रात्री बायकोने जेवताना विषय काढला होता. "दादा म्हणत होता, डोळ्यांचा काही भरवसा नाही, आता बाहेरून एखादा कटर ठेवावा. एकाशी बोलणंही झालंय. मी म्हटलं, घरात आहे की!"

"मग काय म्हणाले?"

"हं म्हणाला."

भाऊजींनी त्या "हं"चा अर्थ लावण्यात रात्र घालवली. बाहेरून कटर आला की आपण मशीनवर. ज्या टेबलाशी उभं राहून केस पांढरे झाले, तिथे परका माणूस उभा राहणार आणि आपण त्याने कापलेलं शिवणार.

त्यात आजचं कापड साधंसुधं नव्हतं. गर्द निळं, लोकरीचं, हात फिरवला की मांजर अंगाला घासून गेल्यासारखं वाटावं असं. ते आणणारे गृहस्थ आत्मविश्वासावर व्याख्यानं देत. सासऱ्यांनी परदेशातून आणलेलं कापड, दुसरा तुकडा मिळणे नाही, आणि रविवारी मोठ्या सभागृहात भाषण.

"दादा नाहीत?" वक्त्यांनी विचारलं होतं. "मग तुम्ही घ्या की मापं. स्वतःवर विश्वास पाहिजे माणसाचा!"

आणि ते आरशासमोर उभे राहिले, विश्वासाने. छाती पुढे, पोट आत, श्वास वर. तोंड मात्र चालू होतं. "रोज सकाळी आरशात बघून म्हणायचं, मी करू शकतो. मोठ्याने. महिन्याभरात माणूस बदलतो."

पोटाचं माप घेण्याची दादांची एक रीत होती. फीत कमरेभोवती घातली की ते विचारत, "सासूबाई किती दिवस राहणार आहेत?" गिऱ्हाईक सुस्कारा सोडी, आणि त्या सुस्काऱ्यानंतर जे माप येई तेच खरं. भाऊजींना ही रीत पाठ होती. पण एवढ्या मोठ्या वक्त्याला सासूबाईंबद्दल विचारायचं कसं? विचारू का, हे विचारायलाही कुणी नव्हतं. फितीवर जो आकडा दिसला तो त्यांनी लिहून घेतला.

आणि आता तो आकडा कापडावर उतरला होता.

भाऊजींनी दादांना फोन लावला.

"दादा, ते निळं कापड. कापू का?"

"कापड कुणासमोर आहे?"

"माझ्या."

"आणि माझ्या डोळ्यावर काय आहे?"

"पट्टी."

"मग मला काय विचारताय, भाऊजी?" फोन बंद झाला.

याला परवानगी म्हणावी की नाही, हे विचारायला भाऊजींनी परत फोन लावला. कुणी उचलला नाही.

शेवटी ते ट्रायल रूममध्ये गेले, पडदा ओढला, आणि आरशात बघून म्हणाले, "मी कापू शकतो."

आरशातल्या माणसाला ते पटल्यासारखं दिसलं नाही.

"मी कापू शकतो!" जरा मोठ्याने.

"कोण आहे आत?" बाहेरून मावशी.

"मीच आहे."

"मग ओरडताय कुणावर? सकाळपासून पाहतेय, त्या कापडाभोवती घिरट्या घालताय. कापड काय चावणारे?"

भाऊजी पडदा सारून बाहेर आले. "मावशी, तुम्हीच सांगा. कापू का?"

मावशींनी सुई केसात खोचली. "हे बघा, मी कोटाला काज पाडते, तेव्हा कोट शिवून झालेला असतो. एक चुकलं की सगळा कोट गेला. मी विचारलंय कधी कुणाला?"

"नाही."

"आणि चुकत नाही असं नाही बरं का. मागे त्या वकिलांच्या कोटाला एक काज जास्त पाडलं होतं."

"मग?"

"मग काय, बटणही एक जास्त लावलं. दोन वर्षं घालताहेत बिचारे."

भाऊजी टेबलाशी आले. दिवा जवळ ओढला. आखलेल्या रेषेकडे पाहताना त्यांना वक्ते दिसू लागले. आकड्यातले नव्हे, माप झाल्यावरचे, खुर्चीत बसून चहा पिणारे. तेव्हा त्यांचं पोट निवांत बाहेर आलं होतं आणि त्यावर बशी टेकवली होती. भाऊजींनी खडू उचलला, पोटाशी दोन बोटं बाहेरून दुसरी रेषा आखली, पहिली पुसली, आणि कात्री हातात घेतली.

"का–" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. पुढचं कात्रीच बोलली. कर्र, कर्र, कर्र. लोकरीचं कापड कापतानाचा हा आवाज ते इतकी वर्षं ऐकत होते. पण आज मध्येच त्यांना जाणवलं की आपण शीळ घालतो आहोत.

मावशींनी मान वळवून पाहिलं. मग केसातली सुई काढून त्या पुन्हा काजाला लागल्या.

कच्ची शिलाई झाली तेव्हा वक्ते ट्रायलला आले. कोट चढवला, आरशासमोर उभे राहिले, आणि छाती पुन्हा वर गेली.

"पोटावर जरा सैल नाही वाटत?"

जुने भाऊजी असते तर "आत घेऊ का?" म्हणाले असते. ते शब्द ओठापर्यंत आलेही. पण भाऊजी म्हणाले, "राहू द्या. भाषण किती वेळ आहे?"

"दोन तास."

"दोन तास श्वास धरवेल?"

वक्ते आरशातून त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसले, आणि हसता हसता सगळा श्वास सुटला. कोटाने त्यांना अलगद सामावून घेतलं, पाहुण्याला घरच्यांनी सामावून घ्यावं तसं.

"अहो, खरं सांगू?" ते हळू आवाजात म्हणाले. "बायको पहिल्या रांगेत बसते. घरी आल्यावर कुठे चुकलं ते सांगते. पोट आत घेऊन उभा राहतो तो तिच्याच भीतीने."

"आमच्याही घरी तसंच आहे," भाऊजी म्हणाले. "फक्त सभागृह नाही."

कोट पुरा झाला त्या दिवशी दादा दुकानात आले. डोळ्यांवर काळा चष्मा, एका बाजूला बहीण, म्हणजे भाऊजींची बायको. दोन पावलांपलीकडचं सगळं त्यांना अजून धुरकट दिसत होतं. त्यांनी कोट मागून घेतला आणि बोटांनीच वाचला. खांद्यावरून बाहीवर, बाहीवरून पोटाशी. पोटाशी बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा आली.

"कुणाला विचारून कापलात?"

बायकोने भाऊजींकडे पाहिलं. मावशींची सुई थांबली.

"कुणालाच नाही," भाऊजी म्हणाले.

दादांनी कोट घडी करून परत दिला. "हं," ते म्हणाले. मग, जणू हवामानाबद्दल बोलावं तसं, "त्या कटरला सांगा कुणीतरी, येऊ नका म्हणून."

"मी कालच सांगितलं," बहीण म्हणाली.

"मला न विचारता?"

"हो."

रविवारी वक्त्यांनी पाठवलेल्या पासांवर दादा, भाऊजी आणि बायको असे तिघं सभागृहात गेले. भाऊजींनी स्वतःच्या शर्टाला इस्त्री केली होती, कुणालाही न विचारता, आणि म्हणून एका बाहीवर तीन घड्या होत्या. सभागृह खच्चून भरलं होतं. आतली थंड हवेची यंत्रणा त्या दिवशी बंद पडली होती आणि लोक हातातल्या पत्रिकांनी वारा घेत होते.

टाळ्यांचा कडकडाट झाला. वक्ते मंचावर आले होते. भाऊजी खुर्चीच्या कडेवर सरकले.

भाषण रंगलं. लोक हसले, काहींनी डोळे टिपले. पहिल्या रांगेतल्या बाईंनीही दोनदा मान डोलावली. दादा काळ्या चष्म्यातून मंचाच्या दिशेने बघत होते, पण त्यांना तिथे नुसता उजेड दिसत असावा. मध्येच ते भाऊजींच्या कानाशी वाकले.

"कसा बसलाय हो?"

भाऊजींनी एकवार मंचाकडे नीट पाहून घेतलं.

"छान बसलाय, दादा. खांद्यात तर अगदी बरोबर."

ते खोटं नव्हतं. वक्त्यांनी मंचावर येताक्षणीच उकाड्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला होता, आणि खुर्चीला तो उत्तम बसला होता.