कोकिळाच्या उंबऱ्यावरचं लाल फडकं

मानवतच्या त्या गल्लीत सकाळी अकरालाच पाय ठेवायला जागा नव्हती. योगीराज बाबा करणी शोधायला दुकानं तपासत फिरत होता. प्रत्येक उंबऱ्यावर पिवळं फडकं अंथरायचं, तांब्याच्या लोट्यातलं तीर्थ शिंपडायचं आणि गरजायचं, "हे दार शुद्ध!" लोक हात जोडत होते.

दुसऱ्या टाळेबंदीनं गल्लीचं कंबरडं मोडलं होतं. टपरी बंद, बांगड्यांचं दुकान बंद. लग्नंच नाहीत तर बँडवाल्या सितारामला विचारतो कोण? गीताबाईच्या लाँड्रीत सहा महिने इस्त्री तापली नव्हती. चालू होतं ते फक्त समोरच्या कोकिळाचं शिलाई मशीन. ती विधवा बाई मास्क शिवून पोट भरत होती.

"एकाच दारात लक्ष्मी कशी?" बाबानं आवाज चढवला. "बाकीची दारं बांधली कुणी? मानूस खोटं बोलंल, कपडा न्हाई!"

कोकिळाच्या उंबऱ्यावर फडकं पडलं. बाबाच्या चेल्यानं या वेळी पितळी लोटा पुढं केला. तीर्थ पडताच पिवळं फडकं रक्तासारखं लाल झालं.

"भानामती! हिनंच गल्ली खाल्ली!"

पहिला दगड गीताबाईनं मारला. तो कोकिळाच्या कपाळावर बसला. मग गल्ली तुटून पडली. सितारामनं झिंज्या धरून तिला रस्त्यावर ओढलं. कुणी मशीन आपटलं, कुणी तिचा हात बुटाखाली चिरडला.

"गीताक्का, वाचवा!"

गीताबाईनं वाकून दुसरा दगड उचलला आणि ते फडकं तिच्या डोळ्यांसमोर आलं. हा लाल रंग तिनं हजारदा पाहिला होता. हळदीचा डाग सोड्याच्या पाण्यात टाकला की असाच व्हायचा.

तिच्या हातातला दगड गळून पडला.

"थांबा!" ती कोकिळाच्या अंगावर आडवी पडली. एक काठी तिच्या पाठीत बसली, मग बाकीच्या थबकल्या. "माझ्या दारातलं फडकं शुद्ध हाय ना? मग हे बघा!"

उठून तिनं लाँड्रीत उरलेला सोडा बादलीभर पाण्यात कालवून आणला आणि आपल्याच उंबऱ्यावर ओतला. फडकं लालभडक झालं. उगारलेल्या काठ्या सैल पडल्या.

"आता मी बी भानामतीवाली का? मारा की!" तिनं दारावरचं लिंबू तोडून फडक्यावर पिळलं. लाल पुन्हा पिवळं झालं. "हळद हाय ही! सोड्याच्या न्हाईतर चुन्याच्या पाण्यानं लाल होती, लिंबानं पिवळी. बाकी दारात साधं पाणी शिंपडलं ह्यानं. हिच्याच दारात लोटा बदलला!"

सितारामनं पितळी लोटा हिसकावला. तळाशी पांढरा चुना बसला होता. बाबाला एक चेटकीण हवी होती. ती सापडली की घाबरलेल्या गल्लीकडून पैसे घेऊन करणी उतरवायला तोच बसणार होता.

आता त्याच काठ्या बाबाकडं वळल्या. गीताबाई तिथंही आडवी आली. "पोलिसात द्या त्याला. आज मारामारी लय झाली."

कोकिळाच्या हाताची दोन हाडं मोडली होती. दवाखान्यात गीताबाई तिच्या उशाशी बसली. "पहिला दगड माझा व्हता."

"ठावं हाय," कोकिळा म्हणाली. "तुमी रंग वळखला म्हणून मी वाचले. वळखला नसता तर?"

 गीताबाई उठून बाहेर आली. गल्लीतली माणसं माना खाली घालून उभी होती.

"आपला धंदा आजारानं बसवला, टाळेबंदीनं बसवला," ती म्हणाली. "हे सगळ्यांला दिसायलं व्हतं. तरी आपुन एका बाईला धरलं. उद्या असाच कुणी चमत्कार दाखवील. आपल्याला तो उलगडला न्हाई, तरी बी मानसावर हात उचलायचा न्हाई. आधी इचारायचं. तपासायचं."

 मग सिताराम पुढं झाला. "चौकीत जायलोय. माझं नाव मीच सांगतो."

"थांब," गीताबाईनं पदर खोचला. "मला बी सांगायचं हाय."