बुरुजावरचा पांढरा दगड

मी एक जुना जांभा दगड आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, समुद्रात घुसलेल्या एका कड्यावर पडका किल्ला आहे. त्याच्या बुरुजाच्या अगदी टोकाला मी बसलो आहे. तुम्ही कधी आलात तर बहुधा माझ्यावरच बसून फोटो काढाल. सगळे तेच करतात.

मित्रांनो, पाथरवटांनी मला खाणीतून काढले, तासले आणि इथे आणून बसवले. शिपाई माझ्यावर कोपर टेकून गलबते न्याहाळत. पुढे शिपाई गेले, छपरे गेली, दरवाजाही गेला. उरलो मी आणि माझी चौकशीची खोड. कोण आला, कुठून आला, डब्यात काय आणले, मला सगळे कळायला हवे असते. एक कोडे मात्र कधी सुटले नाही. इथे येणारा प्रत्येक जण समुद्राकडेच का बघत बसतो?

खालच्या वाडीतला म्हातारा धाकू तेवढा वेगळा. दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी तो वर येई आणि मला चुना फासून जाई. लोकांनी एकमेकांना चुना लावला की भांडणे होतात म्हणे. मी मात्र मिरवत असे! तो हे का करतो, ते त्याने सांगितले नाही आणि मला विचारता येत नाही.

यंदा थंडीत शाळेची मुले गड साफ करायला आली. पर्यटकांनी रंगवलेली नावे ती तारेच्या ब्रशाने खरवडत होती. मनस्वी नावाची मुलगी माझ्यापाशी थबकली.

"सर, ह्याच्यावर नाव नाहीये. मग चुना कशाला लावला असेल?"

"कुणाचा तरी टवाळपणा. घास तोही," सर म्हणाले.

तिने मला लालबुंद होईपर्यंत घासले. मला फार वाईट वाटले, पण पोर मनापासून राबत होती.

ऊन कलताना धाकूची बायको यमुनाबाई जळणाची फाटी गोळा करायला वर आली. मला पाहताच तिच्या हातची मोळी सुटली.

"अगो बायो, ह्यो दगड कोनी घासलान?"

"मी, आजी. घाण झाला होता ना."

"खाली पान्यात खडप हाय गो, होडी फोडनारा कातळ! ह्यो सफेद दगड नि पाठचा वड एका रेघेत आला, की आमचा म्हातारा होडी आत घेतो. आता तो नजर कशावर लावील?"

तिने बोट दाखवले. लांब धाकूची होडी डावीउजवीकडे भरकटत होती. फोन करावा, तर भिजेल म्हणून तो मोबाईल घरीच ठेवतो. सरांचा चेहरा उतरला. माझाही जीव टांगणीला लागला.

मनस्वी इकडेतिकडे बघू लागली. बुरुजाशी मोहिमेचा मोठा फ्लेक्स बांधला होता. "सर, ह्याची पाठ पांढरी आहे!" ती ओरडली. सरांनी दोऱ्या तोडल्या. मुलांनी फ्लेक्स उलटा करून माझ्यावर ताणला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपरे धरून ठेवले.

आणि नेमका तेव्हाच मी झाकला गेलो! आयुष्यभर चौकशा केल्या, पण ऐन वेळी मला काही दिसेना. नुसता वारा ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने यमुनाबाईचा आवाज आला, "वळली! सरळ येतोय गो माझा म्हातारा!" आणि ती रडू लागली.

पुढच्या रविवारी मनस्वी चुन्याची बादली घेऊन आली. धाकूने कुंचला तिच्याच हातात दिला. "भोकाभोकांत भर गो, म्हंजे लवकर जायाचा नाय," तो म्हणाला.

मित्रांनो, गड जरूर साफ करा, पण हात लावण्याआधी एकदा खालच्या वाडीत विचारून या. मीही कुठे शहाणा होतो? लोक समुद्राकडे का बघतात, याचेच मला इतकी वर्षे नवल वाटत होते. समुद्रातून कोणीतरी माझ्याकडे बघत घरी येते, हे मला ठाऊकच नव्हते.