काठ्यांचं घर

आमच्या डोंगरात घर बांधण्याआधी ते हवेत उभं करावं लागतं. कोपऱ्यांना उंच काठ्या, वर छपराचा उतार दाखवणाऱ्या तिरक्या पट्ट्या. मग गावाने यावं, नाक मुरडावं, वाटलं तर हरकत घ्यावी. माझ्या टेकाडावरच्या कुरणात काठ्या लागल्या तेव्हा गायी नुकत्याच वरच्या चराईहून उतरल्या होत्या आणि गावाला दुसरं काम नव्हतं.

मी रोज दुपारी खुर्ची घेऊन काठ्यांच्या आत बसायचे. दक्षिणेला सगळी काच. हिवाळ्यातलं तिरपं ऊन आत शिरणार, काळ्या दगडी फरशीत मुरणार, रात्रभर हळूहळू परत मिळणार. डोळे मिटले की तळव्यांना फरशी ऊबदार लागायची. पायाखाली खरं तर ओलं गवत होतं. खाली रस्त्याकडच्या ज्या घरात मी जन्मले आणि अजून राहते, तिथे हिवाळाभर ऊन फक्त समोरच्या डोंगरावर दिसतं, दुसऱ्याच्या ताटातल्या जेवणासारखं. त्या अंधारात म्हातारी व्हायची माझी तयारी नव्हती.

उत्तरेला मात्र लोकर ठासलेली जाड, सलग भिंत. उत्तरेलाच गाव आहे. गाव म्हणालं, ही बाई आमच्याकडे पाठ करून बसणार. म्हणू देत. गाव येऊन माझी चूल पेटवणार होतं का?

हरकतीची मुदत संपत आली तेव्हा शेजारचे प्लात्सीकाका धापा टाकत वर आले.

"काका, भिंतीतून आलात. दार तिकडे आहे."

ते पुटपुटले आणि खरंच वळसा घालून दारातून आले. "बूट काढू?"

"राहू द्या. फरशी यायचीय अजून."

"मी उद्या हरकत देणार, मडलाइना. आधी तोंडावर सांगावं म्हटलं."

"म्हणजे पाया घालायच्या आत बर्फ पडणार. वर्ष गेलं माझं. कशाबद्दल हरकत?"

"या भिंतीबद्दल."

"खिडकी ठेवली की ऊब पळते. गावाच्या शोभेसाठी मी कुडकुडू?"

"शोभा गेली खड्ड्यात." ते गवतावर टेकले. "तुझी बार्लाकाकू गेल्यापासून संध्याकाळी मी स्वयंपाकघरात एकटा असतो. समोर तुझा दिवा दिसतो. चिडलीस की भांडी आपटतेस, तेही कळतं. तू इकडे आलीस की तिथे अंधार, आणि इथे भिंत."

मला राग आला. गावावर चिडणं सोपं असतं. गाव म्हणजे कुणीच नसतं. हा एक माणूस होता.

ऊन कड्यामागे गेलं. आम्ही त्या नसलेल्या घरात बसून राहिलो. छपराच्या पट्ट्यांमधून एक ढग आत आला, माळ्यावर रेंगाळला, पलीकडून निघून गेला.

"हातभर खिडकी," मी म्हणाले. "एकामागे एक तीन काचांची. त्याहून बोटभर मोठी नाही."

"कुठे?"

"ते तुमच्या स्वयंपाकघरातून ठरेल. जा घरी."

ते उतरून गेले. मी भिंतीच्या जागी उभी राहिले, डोक्याचा लाल रुमाल सोडून दोन्ही हातांत ताणला. खाली त्यांची खिडकी उघडली. हात बाहेर आला: डावीकडे. मी सरकले. वर. मी हात उंचावले. अजून वर. खुर्चीवर चढले.

"गोठा तुमचाच आडवा येतोय," मी ओरडले. "मी काय माळ्यावर भांडी घासू?"

ऐकू गेलं नसावं. हात वर, वर म्हणत राहिला. मी टाचा उंचावल्या. मग तो हात थांबला; रुमाल दिसला होता.